त्वचेखालची चरबी (भाग ७) : बर्फाचा गोळा आणि बाळाचा गाल

बाझिनच्या आजाराला या आठवड्यात थांबावं लागणार. पिंढऱ्यांवरच्या त्या गाठींचं क्षयरोगाशी असलेलं नातं उलगडायला अख्खा लेख हवा, आणि मधेच एका आजींचं पत्र आलं आहे. आठ महिन्यांच्या नातवाला कुणीतरी कौतुकाने बर्फाचा गोळा चोखायला दिला. दोन दिवसांनी त्याचा एक गाल लालबुंद झाला आणि आत कडक गाठ हाताला लागू लागली. ताप नाही, दूध व्यवस्थित पितो, खेळतो. गेल्या आठवड्यात वाचलेली चरबीची सूज हीच का, असं आजी विचारतात.

पत्रावरून निदान होत नाही, बाळ डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण आजींची शंका अगदी रास्त आहे. १९७० मध्ये एपस्टाइन आणि ओरेन या अमेरिकन डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नेमका असाच प्रकार नोंदवला आणि त्याला ‘पॉप्सिकल पॅनिक्युलायटिस’ हे नाव दिलं. पॉप्सिकल म्हणजे काडीला लावलेली बर्फाची रंगीत कांडी, आणि पॅनिक्युलायटिस म्हणजे त्वचेखालच्या चरबीची सूज. नाव नवं असलं तरी आजार जुनाच होता. कोपनहेगनचे हाक्सथाउसेन यांनी १९४१ मध्येच थंडीने मुलांच्या गालांत उठणाऱ्या गाठींचं वर्णन केलं होतं.

मग तोच गोळा खाणाऱ्या दादाला काही होत नाही आणि बाळालाच का होतं? सगळी गंमत चरबीच्या रसायनात आहे. डिसेंबरात खोबरेल तेल बाटलीत थिजतं, शेंगदाण्याचं तेल मात्र पातळ राहतं. कारण खोबरेलात संपृक्त मेदाम्लं जास्त असतात. तान्ह्या बाळाच्या चरबीतही पामिटिक आम्लासारखी संपृक्त आम्लं मोठ्यांपेक्षा जास्त आणि ओलेइक आम्ल कमी असतं. शुद्ध पामिटिक आम्ल वितळायला सुमारे ६३ अंश सेल्सिअस लागतात, ओलेइकला १३ अंश पुरतात. म्हणून बाळाची चरबी थोड्याशा गारव्यानेही घट्ट होते, तिच्या पेशी दुखावतात आणि भोवती दाह सुरू होतो. बाळ वर्षाचं होईतो चरबीची घडण बदलत जाते आणि हा धोकाही उतरतो.

गाठ लगेच उठत नाही, साधारण एक ते तीन दिवस जातात. तोवर घरचे गोळा विसरून गेलेले असतात. डॉक्टरांसमोर येतो तो फक्त सुजलेला लाल गाल, आणि तो जंतुसंसर्गासारखाच दिसतो. मग प्रतिजैविकं सुरू होतात, क्वचित बाळाला दाखलही करतात. खरं तर थंडीच्या गाठीला औषध लागत नाही. काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ती व्रण न ठेवता विरते. ‘गेल्या तीन दिवसांत बाळाच्या तोंडात काय थंड गेलं होतं?’ हा एक प्रश्न वेळेवर विचारला, तर बरेच उपद्व्याप टळतील.

मोठी माणसं यातून अगदीच सुटलेली नाहीत. १९८० मध्ये अमेरिकेतल्या चार धडधाकट तरुणींची हकीकत प्रसिद्ध झाली. ऐन हिवाळ्यात त्या रोज तासन्‌तास घोडेस्वारी करत, आणि मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला त्यांना लालसर, दुखऱ्या गाठी आल्या. झोंबणारी थंडी, तंग विजार आणि त्यामुळे मंदावलेला रक्तपुरवठा, असा तो तिहेरी योग होता.

याच कुळातला एक प्रकार मात्र निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही. जन्मताना गुदमरलेल्या बाळांच्या पाठीवर, कुल्ल्यांवर, दंडांवर पहिल्या काही आठवड्यांत दगडासारख्या टणक गाठी येतात. ती नवजात बाळाची चरबी-मृत्यूची व्याधी. अशा बाळांचा मेंदू वाचवण्यासाठी कधीकधी त्यांचं शरीर ७२ तास ३३ ते ३४ अंशांवर थंड ठेवतात. त्या उपचारानंतरही या गाठी आढळल्या आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली चरबीच्या पेशींत सुयांसारख्या फटी दिसतात. साध्या थंडीच्या गाठीत त्या सहसा नसतात.

गाठी आपोआप विरतात, पण धोका रक्तात असतो. दाहाच्या जागी जमलेल्या पेशी ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप बनवू लागतात आणि रक्तातलं कॅल्शियम चढतं. हे कित्येकदा गाठी उठल्यानंतर काही आठवड्यांनी घडतं, म्हणजे बाळ घरी गेल्यावर. दूध नाकारणं, उलट्या, बद्धकोष्ठ, सुस्ती किंवा किरकिर ही त्याची लक्षणं. दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साठतं.

म्हणून अशा गाठी आलेल्या बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम पहिले सहा महिने डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यावं, आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू ठेवायचे की थांबवायचे, हे त्यांनाच विचारावं. बाझिन पुढच्या आठवड्यात.