नाव मावेल एवढी जागा : डेटाबेसमधील मजकुराचा रकाना कसा निवडावा?

आडनावाचे शेवटचे अक्षर गळालेले ओळखपत्र, पूर्ण पत्ता स्वीकारण्यास नकार देणारा ऑनलाइन अर्ज किंवा देवनागरी मजकुराच्या जागी उमटलेली प्रश्नचिन्हांची रांग, या साऱ्याचा दोष बहुधा माहिती भरणाऱ्याच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात अनेकदा त्याचे मूळ डेटाबेसचा आराखडा आखताना घेतलेल्या एका लहानशा निर्णयात असते. नाव, पत्ता किंवा शेरा यांसाठी कोणत्या प्रकारचा आणि किती लांबीचा रकाना ठेवायचा, हा तो निर्णय. मराठी मजकूर साठवायचा असेल, तर तो विशेष विचारपूर्वक घ्यावा लागतो.

ठरीव आणि बदलती लांबी

मजकुराच्या रकान्यांचे मुख्य प्रकार दोन. ‘कॅरेक्टर’ हा ठरीव लांबीचा प्रकार. तीस अक्षरांच्या अशा रकान्यात ‘पुणे’ एवढेच लिहिले, तरी उरलेल्या जागा मोकळ्या अक्षरांनी भरल्या जातात. सहा अंकी पिन कोड किंवा दहा चिन्हांचा पॅन क्रमांक यांसाठी तो योग्य ठरतो. ‘व्हारचार’ हा बदलत्या लांबीचा प्रकार. त्यात प्रत्यक्ष मजकूर आणि त्याच्या लांबीची छोटीशी नोंद एवढेच साठवले जाते. ‘मायएसक्यूएल’मध्ये ही नोंद एक किंवा दोन बाइटची असते. म्हणजेच ‘व्हारचार’पुढे कंसात लिहिलेला २०० हा आकडा प्रत्येक नोंदीने व्यापलेली जागा दर्शवीत नाही, ती केवळ कमाल मर्यादा असते.

मोजायचे काय?

ही मर्यादा कशाची, हा खरा प्रश्न आहे. इंग्रजीतील एक अक्षर एका बाइटमध्ये मावते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि युनिकोडच्या दृष्टीने काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘लक्ष्मीनारायण’ हे नाव पाहावे. वाचणाऱ्याला त्यात सहा अक्षरे दिसतात. संगणक तेरा चिन्हे मोजतो आणि साठवणुकीला ३९ बाइट लागतात. हेच नाव रोमन लिपीत १४ बाइटमध्ये बसते.

‘ओरॅकल’मध्ये विशेष सूचना दिली नसेल, तर ‘व्हारचार२’ची मर्यादा बाइटमध्ये मोजली जाते. तेथे ३० लांबीच्या रकान्यात ‘लक्ष्मीनारायण’ मावत नाही आणि नोंद नाकारली जाते. लांबी अक्षरांत हवी असल्यास तसे स्पष्ट लिहावे लागते. ‘मायएसक्यूएल’ आणि ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ चिन्हे मोजतात. त्यामुळे तेथे हे नाव सहज बसते. मात्र ‘मायएसक्यूएल’ पूर्वी जादा मजकूर छाटून केवळ इशारा देत असे. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून अशी नोंद नाकारणे हा मूळ नियम झाला.

‘एसक्यूएल सर्व्हर’ची तऱ्हा वेगळी. तेथील साध्या ‘व्हारचार’मध्ये देवनागरी लिहिल्यास प्रश्नचिन्हेच साठवली जातात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. त्यासाठी ‘एनव्हारचार’ हा प्रकार आहे. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात. २०१९ च्या आवृत्तीपासून ‘व्हारचार’मध्येही यूटीएफ-८ वापरण्याची सोय झाली, पण तेथे मर्यादा बाइटचीच राहते.

२५५ ची सवय

असंख्य तक्त्यांत प्रत्येक रकान्याची लांबी २५५ आढळते. एका बाइटमध्ये मावणारी ती सर्वांत मोठी संख्या. ‘मायएसक्यूएल’च्या ५.०.३ आवृत्तीपूर्वी ‘व्हारचार’ची कमाल मर्यादाही तीच होती. नंतर ती ६५,५३५ बाइटपर्यंत वाढली. मात्र ही मर्यादा एका ओळीतील सर्व रकान्यांत मिळून असते. मर्यादा वाढली, तरी सवय राहिली.

याच प्रणालीतील ‘यूटीएफ८’ नावाची जुनी पद्धत एका चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट देते. नेहमीच्या मराठीला ते पुरते. परंतु २०१४ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या मोडी लिपीच्या चिन्हांना चार बाइट लागतात. जुन्या दस्तांचे मोडी लिप्यंतर साठवायचे असेल, तर २०१० मध्ये आलेली ‘यूटीएफ८एमबी४’ हीच पद्धत निवडावी लागते.

निवड करताना

‘पोस्टग्रेएसक्यूएल’मध्ये ‘व्हारचार’ आणि अमर्याद ‘टेक्स्ट’ यांच्या वेगात फरक नाही. म्हणून तेथे मर्यादा घालावी ती केवळ व्यवहाराचा नियम असेल तर. इतरत्र तक्रारीचा तपशील, शेरा असा दीर्घ मजकूर ‘टेक्स्ट’ किंवा तत्सम प्रकारात ठेवावा. नाव व पत्ता यांसाठी ‘व्हारचार’ उत्तम. पण अंदाज इंग्रजी नावावरून बांधू नये. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी पूर्ण मराठी नावे, जोडाक्षरांसह, आधी भरून पाहावीत. मर्यादा थोडी सैल ठेवल्याने ‘व्हारचार’च्या साठवणुकीचा खर्च सहसा वाढत नाही. रकान्याची लांबी पुढे वाढवता येते. एकदा गळालेली अक्षरे मात्र त्या व्यक्तीकडे पुन्हा विचारूनच भरावी लागतात.