शब्दांची कुळकथा – लेखांक ७ : थिऑलॉजी

‘थिऑलॉजी’ म्हटले की सेमिनरी, झगा घातलेले फादर आणि लॅटिन भाषेतले जाडजूड ग्रंथ आठवतात. प्रत्यक्षात हा शब्द ख्रिस्ताच्या आधीचा आहे आणि तो पहिल्यांदा उच्चारला गेला, तेव्हा चर्चा चालली होती मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्यात याची.

‘थेओस’ म्हणजे देव. ‘लोगोस’ला अर्थ अनेक : बोलणे, कथन, हिशेब, युक्तिवाद. या शब्दाचा पुढचा सगळा प्रवास ‘लोगोस’च्या या पसाऱ्यातूनच झाला आहे.

आज उपलब्ध असलेल्या ग्रीक लेखनात ‘थेओलोगिया’ प्रथम भेटते ती प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, म्हणजे साधारण इ.स.पूर्व ३७५च्या सुमारास. आदर्श नगराच्या रक्षकांना लहानपणापासून कसे घडवायचे, हा दुसऱ्या भागातला विषय आहे. सॉक्रेटिस म्हणतो, आया आणि दाया मुलांना काय सांगतात ते आधी पाहा. हेसिअडच्या काव्यात क्रोनस आपल्या बापाला विळ्याने खच्ची करतो आणि पुढे स्वतःचीच पोरे गिळतो. होमरचे देव एकमेकांशी भांडतात. अशा गोष्टींवर वाढलेल्या मुलाला बापावर हात उगारण्यात काही वावगे वाटणार नाही. देवांनी केले तेच मी केले, असे तो म्हणेल. तेव्हा प्लेटोचा सख्खा भाऊ ॲडिमँटस विचारतो, मग थेओलोगिया कोणत्या साच्यात बसवायची? सॉक्रेटिसचे उत्तर असे : देव चांगला आहे, म्हणून तो फक्त चांगल्याचेच कारण असतो, आणि देव रूपे पालटून कुणाला फसवत नाही.

इथे थेओलोगिया म्हणजे कवींनी सांगितलेल्या देवांच्या गोष्टी. पण शब्द उच्चारला गेला तोच त्या गोष्टींना कसोटी लावण्यासाठी. मला हे फार महत्त्वाचे वाटते. देवाविषयी काहीही बोलून चालत नाही, बोलण्याची जबाबदारी घ्यावी लागते, हा आग्रह या शब्दात पहिल्या दिवसापासून आहे.

ॲरिस्टॉटलने हा शब्द दोन्ही अंगांनी वापरला. ‘मेटाफिजिक्स’मध्ये हेसिअड आणि त्याच्यासारख्यांना तो ‘थेओलोगोई’ म्हणतो आणि तक्रार करतो, की यांनी स्वतःला पटेल तेवढेच सांगितले, आपला विचारच केला नाही. त्याच ग्रंथात गणित आणि भौतिकी यांच्या वरचे, सर्वांत श्रेष्ठ असे जे ज्ञान, त्याला मात्र तो ‘थेओलोगिके’ म्हणतो.

पुढे रोमच्या वारोने कवींची, तत्त्वज्ञांची आणि नगराची अशी तीन प्रकारची थिऑलॉजी सांगितली. त्याचा ग्रंथ हरवला. ही विभागणी आपल्याला कळते ती संत ऑगस्टीनने तिचा समाचार घेतला म्हणून.

ख्रिस्ती मंडळींनी हा शब्द सावकाश स्वीकारला. ग्रीक धर्माचार्यांनी त्याचा अर्थ आवळून घेतला : थेओलोगिया म्हणजे खुद्द देवाच्या स्वरूपाविषयीचे बोलणे, देवाने जगाच्या तारणासाठी जे केले ते ‘ओइकोनोमिया’. इ.स. ३८०च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणुकीवर) पाच व्याख्याने देणाऱ्या ग्रेगरी नाझियान्झसला पूर्वेकडचे चर्च ‘थिऑलॉजियन’ म्हणते. तिथे हे बिरुद परंपरेने तिघांनाच आहे.

संपूर्ण ख्रिस्ती शिकवणुकीची तर्कशुद्ध छाननी, हा आजचा अर्थ रुळवण्यात मोठा वाटा बाराव्या शतकातल्या पीटर अबेलारचा. तो आत्मकथनात सांगतो, की त्याचे विद्यार्थी नुसत्या शब्दांवर समाधानी नव्हते; जे समजत नाही त्यावर विश्वास ठेवायचा कसा, असे ते विचारत. त्यांच्यासाठी त्याने त्रैक्यावर ‘थिओलोगिया’ लिहिली. ११२१मध्ये स्वासाँच्या धर्मसभेने तो ग्रंथ दोषी ठरवला आणि अबेलारला तो स्वतःच्या हाताने आगीत टाकायला लावला. नंतर त्याने तो विषय पुन्हा लिहून काढला, वाढवून लिहिला. त्या हिमतीचे मोल मोठे आहे.

तेराव्या शतकात पॅरिस विद्यापीठात थिऑलॉजीची स्वतंत्र विद्याशाखाच होती. थॉमस अक्वायनसने ‘सुम्मा थिओलोगिए’च्या पहिल्याच प्रश्नात विचारले, ही विद्या शास्त्र ठरते का? तो ‘हो’ म्हणाला, पण विरुद्ध बाजूचे आक्षेप आधी मांडून मगच.

पुढील आठवड्यात गोव्यात जाऊ. १६१६मध्ये राचोलला छापलेले फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ म्हणजे जवळजवळ ११,००० मराठी ओव्यांत मांडलेली थिऑलॉजीच आहे. जमल्यास तोवर त्यातला एखादा अध्याय वाचून ठेवावा.