बचनाग : न मिटणारे दार

गुडघे धरले की घरात सल्ल्यांना तोटा राहत नाही. कोणी सांगते, बचनाग तेलात कढवून चोळा; कोणी चिमूटभर चूर्ण मधातून घ्यायला सुचवते. आयुर्वेदात वत्सनाभ या नावाने ओळखली जाणारी हिमालयातील ही मुळी औषध आहे खरी. पण ती जहाल विषही आहे, हे सल्ला देणारा बहुधा सांगत नाही.

आपल्या मज्जातंतूंच्या आणि हृदयाच्या पेशींच्या आवरणात सोडियमसाठी अतिसूक्ष्म दारे असतात. आवरणावरील विद्युत्दाब बदलला की ती उघडतात, सोडियम आत शिरते, संदेश पुढे सरकतो आणि काही सहस्रांश सेकंदांत दार मिटते. हे मिटणे उघडण्याइतकेच महत्त्वाचे, कारण त्या विसाव्यातच पेशी पुढच्या संदेशासाठी सज्ज होते. बचनागातील अ‍ॅकोनिटिन या दाराला पाचर मारते. सोडियम आत येतच राहते. पेशी आधी अकारण उत्तेजित होते, मग थकून मुकी होते. (दंतवैद्यांचे बधिर करणारे इंजेक्शन हीच दारे अडवते. कृती उलट, तरी बधिरपणा दोन्हीकडे!)

म्हणूनच पहिली खूण तोंडात दिसते : ओठांना, जिभेला मुंग्या व बधिरपणा. मग हातपाय, उलट्या, अशक्तपणा. रक्तदाब उतरतो आणि हृदयाचे ठोके बेताल होतात. मृत्यू येतो तो बहुधा या बेतालपणाने. अवघे २ मिलिग्रॅम अ‍ॅकोनिटिन जिवावर बेतू शकते. ते त्वचेतूनही शोषले जाते, तेव्हा 'वरून तर लावायचे' हे समाधान फसवे आहे.

मग वैद्य ते कसे वापरतात? गोमूत्रात भिजवून, दुधात उकळून त्याचे शोधन करतात. दीर्घकाळ उकळल्याने अ‍ॅकोनिटिनचे विघटन होऊन विषारीपणा पुष्कळ घटतो. किती घटला, हे घरच्या शेगडीपाशी कळत नाही. सर्दीतापावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या त्रिभुवनकीर्तीतही शोधित वत्सनाभ असते. ती वैद्यांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्यावी. १९४५ च्या औषध नियमांतील ई (१) अनुसूचीत वत्सनाभाची नोंद विषारी द्रव्य म्हणून आहे.

वडीलधाऱ्यांनी असे काही घेतल्यावर तोंडाला मुंग्या आल्या, तर 'पित्त असेल' म्हणून थांबू नका. या विषावर उतारा नाही. हृदयावर सतत लक्ष ठेवणारा अतिदक्षता विभाग हाच आधार. घरी उलटी करवू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि ती पुडी किंवा बाटली बरोबर न्या.