उभं राहणं, चालणं : पायांचा काटकसरी कारभार

बसथांब्यावर वीस मिनिटं ताटकळलेल्या माणसाला आपण काही काम करतोय असं वाटत नाही. पण तेवढा वेळ त्याचं सगळं शरीर दोन तळपायांच्या छोट्याशा जागेवर तोललेलं असतं, आणि तेही फारशी ताकद न खर्चता. चालण्याचंही तसंच आहे. पायांचे स्नायू शरीराला सतत पुढे ढकलत असतात, ही आपली समजूत अर्धवट आहे. जिथे हाडं, अस्थिबंध आणि गुरुत्वाकर्षण काम निभावतात, तिथे स्नायू स्वस्थ राहतात. बाकी बराच वेळ ते शरीराला आवरण्याचं काम करतात. एवढं समजलं की गड उतरताना मांड्या का भरून येतात आणि काठी कोणत्या हातात धरायची, हेही उलगडतं.

वजनाची रेषा

सरळ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य ओटीपोटाच्या पातळीवर, पाठीच्या कण्याच्या खालच्या भागापुढे असतो. तिथून जमिनीकडे एक सरळ रेषा कल्पिली, तर ती साधारणपणे खुब्याच्या सांध्याच्या किंचित मागून, गुडघ्याच्या किंचित पुढून आणि घोट्याच्या काही सेंटिमीटर पुढून जाते.

रेषा खुब्याच्या मागून जात असल्यामुळे धड मागे झुकू पाहतं. त्याला सांध्याच्या पुढच्या बाजूचा इलियोफेमोरल नावाचा अस्थिबंध ताणून धरतो. शरीरातला हा सर्वांत बळकट अस्थिबंध मानला जातो. गुडघ्यावर मात्र वजन सांध्याला अधिक सरळ करू पाहतं, आणि मागचे, लवणीतले अस्थिबंध त्याला अडवतात. तीनपैकी दोन सांधे असे जवळजवळ फुकटात सांभाळले जातात.

चिंपांझी दोन पायांवर उभा राहिला की त्याचे खुबे आणि गुडघे वाकलेलेच राहतात. त्यामुळे त्याच्या मांड्यांना सतत जोर लावावा लागतो. माणसाला ही मेहनत पडत नाही, कारण त्याचे सांधे पूर्ण सरळ होतात.

गुडघ्याचं कुलूप

हे स्वतःवर पडताळून पाहता येतं. भिंतीला टेकून सैल उभे राहा, गुडघे सरळ ठेवा आणि गुडघ्याची वाटी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. ती सहज हलते, कारण तिला वरून ओढणारा मांडीचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, ढिला पडलेला असतो. आता गुडघे जरासे वाकवा. वाटी लगेच घट्ट होते आणि मांडीही कडक लागते.

पाय जमिनीवर टेकलेला असताना गुडघा सरळ होत आला की शेवटच्या काही अंशांत मांडीचं हाड नडगीच्या हाडावर किंचित आतल्या बाजूला फिरतं. त्याने अस्थिबंध आवळले जातात आणि सांधा बसकण मारल्यासारखा पक्का होतो. पुन्हा वाकायचं झालं की लवणीतला पॉपलिटियस हा छोटा स्नायू मांडीचं हाड उलट फिरवून हे कुलूप उघडतो.

पोटरीची राखण

घोट्याला असं कुलूप नाही. वजनाची रेषा त्याच्या पुढून जात असल्यामुळे शरीर सारखं पुढे कलू पाहतं. त्याला मागे धरून ठेवतो तो पोटरीचा खोलवरचा सोलियस स्नायू. यात न थकता दीर्घकाळ काम करणारे मंद गतीचे तंतू मोठ्या प्रमाणावर असतात. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं, तेव्हाही शरीर हलकेच पुढे-मागे डोलत असतं आणि पोटरी ते क्षणोक्षणी सावरत असते.

पोटरीकडे आणखी एक काम आहे. ती आकुंचन पावली की पायातल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. चालताना हा पंप जोरात चालतो, पण निश्चल उभं राहिल्यावर मंदावतो आणि रक्त पायांत साचतं. संचलनाच्या मैदानावर बराच वेळ ताठ उभे असलेले जवान कधी कधी चक्कर येऊन पडतात, त्यामागे हे मोठं कारण असतं. दिवसभर उभ्याने काम असेल, तर अधूनमधून टाचा उचलाव्यात किंवा चार पावलं चालून यावं.

एका पावलाचे टप्पे

एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालण्याचं एक चक्र पूर्ण होतं. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. प्रत्येक चक्रात दोनदा, साधारण दहा-दहा टक्के वेळ, दोन्ही पाय एकदम जमिनीवर असतात. धावताना हा काळ नाहीसा होतो, तिथे उलट दोन्ही पाय काही क्षण हवेत असतात.

टाच टेकते तेव्हा नडगीच्या पुढचा स्नायू चवड्याला हळूहळू खाली उतरवतो. तो दुबळा झाला तर तळवा फाडकन आपटतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, या स्नायूकडे जाणारा मज्जातंतू हाडाला वळसा घालून कातडीच्या अगदी जवळून जातो. फार वेळ उकिडवं बसून काम केल्याने त्यावर दाब आला, तर पाऊल लुळं पडू शकतं.

मग गुडघा १५ ते २० अंशांत वाकून धक्का शोषतो. त्यानंतर शरीर जवळजवळ सरळ पायावरून, उलट्या लंबकासारखं, वर चढतं आणि पुढे उतरतं. चढताना वेग थोडा कमी होतो, उतरताना परत मिळतो. या देवघेवीत बरीच ऊर्जा वाचते.

शेवटी टाच उचलली जाते. तोपर्यंत नडगी पुढे झुकल्यामुळे ताणली गेलेली ॲकिलिस टेंडन, म्हणजे टाचेवरची जाड कंडरा, साठवलेली ऊर्जा परत देते. पोटरीच्या जोराला तिची साथ मिळते आणि पाऊल उचललं जातं. पाय हवेत जाताना गुडघा सुमारे ६० अंशांत वाकतो, तोही मुख्यतः खुब्यातून मिळालेल्या झोकाने. झोका संपत आला की मांडीच्या मागचे स्नायू नडगीला लगाम घालतात. झोक्याच्या मध्यावर बोटं आणि जमीन यांत एक-दोन सेंटिमीटरच अंतर उरतं. म्हणूनच उंबरठ्याला किंवा पायपुसण्याच्या दुमडलेल्या कडेला ठेच लागते.

एका पायावरचा तोल

चालताना प्रत्येक पावलाला काही काळ सगळा भार एकाच पायावर येतो. उभं राहून एक तळहात खुब्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवा आणि दुसरा पाय उचला. हाताखालचा स्नायू एकदम कडक होतो. तो ग्लुटियस मिडियस. उचललेल्या बाजूला कंबर खाली झुकू नये म्हणून तो तिला धरून ठेवतो.

शरीराचं वजन खुब्याच्या सांध्यापासून जेवढ्या अंतरावर असतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावरून या स्नायूला ओढावं लागतं. त्यामुळे त्याला वजनाच्या दुपटीच्या आसपास जोर लावावा लागतो. वजन आणि हा जोर मिळून सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. हा स्नायू दुबळा असला की कंबर उलट्या बाजूला खाली जाते. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीड्रिक ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये या लक्षणाचं वर्णन केलं, आणि आजही डॉक्टर खुबा तपासताना ते पाहतात.

दुखऱ्या खुब्यासाठी काठी उलट्या हातात धरायची ती याचमुळे. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. ती सांध्यापासून बरीच दूर असल्यामुळे तिच्यावर दिलेला थोडासा भारही स्नायूचा पुष्कळ जोर वाचवतो आणि सांध्यावरचा दाब उतरतो.

चढापेक्षा उतार कठीण

गड चढताना धाप लागते, पण मांड्या धरतात त्या उतरल्यावर, आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. चढताना क्वाड्रिसेप्स आखडत शरीर वर उचलतो. उतरताना प्रत्येक पायरीला तो लांबत जातो आणि लांबतानाच जोर लावून शरीराला आवरतो. अशा कामाला ऊर्जा कमी लागते, मात्र सवय नसेल तर स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. सवयीने हे दुखणं कमी होतं, म्हणून ट्रेकआधी महिनाभर जिने उतरण्याचा सराव करावा.

काय जपायचं

वय वाढतं तसे हे आवरणारे स्नायू क्षीण होतात आणि पडण्याचा धोका वाढतो. त्यांच्यासाठी साधनं लागत नाहीत. ओट्याला धरून टाचा उचलणं पोटरीसाठी, आधार घेऊन पाय बाजूला उचलणं खुब्यासाठी, आणि खुर्चीत हळूहळू, हात न टेकता बसणं मांडीसाठी. बसताना धपकन अंग टाकू नये, कारण सावकाश खाली येण्यातच मांडीचा खरा व्यायाम आहे. सांधा सुजलेला असेल किंवा दुखणं वाढत असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावं. घरातल्या ज्येष्ठांना रोज फिरायला जा असं आपण आवर्जून सांगतो. त्याच्या जोडीला हे तीन व्यायामही त्यांना शिकवावेत, आणि स्वतः त्यांच्या वयाला पोचण्याची वाट न बघता सुरू करावेत.