नवरदेवाच्या हातातली कट्यार

आखाजी झाली की आमच्या दोंडाईच्यात लग्नांचा धडाका सुरू होतो. मिरचीचा हंगाम आटोपलेला असतो, हातात चार पैसे असतात, गल्लोगल्ली बँड वाजत असतात. अशाच एका लग्नात नवरदेवाच्या हातात मी कट्यार पाहिली. टोकाला लिंबू खोचलेले. सहज हातात घेतली, तर नुसता पत्रा! फेट्याबरोबर भाड्याने आणलेली. म्हटले, आज हिच्याविषयीच बोलावे.

हळद लागलेल्या नवरदेवाला नजर लागू नये, बाधा होऊ नये म्हणून जवळ लोखंड ठेवायचे, अशी आपल्याकडची समजूत. लिंबूही त्याचसाठी. पण कट्यारीचा अर्थ एवढ्यावर संपत नाही. लग्नापुरता नवरदेव हा राजा, आणि राजाच्या कमरेला शस्त्र हवेच. सरदार घराण्यांत तर खांडेलग्न होई. नवरदेव मोहिमेवर असला तर त्याची तलवार पाठवायची आणि वधूचे लग्न तिच्याशी लावायचे. शस्त्र म्हणजे साक्षात तो माणूस, असा त्याचा मान.

खरी कट्यार कशी असते, पाहा. तिला तलवारीसारखी मूठ नसते. दोन समांतर पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. दांडे मुठीत धरले की पाते मनगटाच्या सरळ रेषेत येते आणि ठोसा मारावा तसा वार होतो. पुष्कळ कट्यारींचे टोक मुद्दाम जाड केलेले असते, ते चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने तिला नांगराच्या फाळाची उपमा दिली आहे. शेतकऱ्याला हे लगेच पटेल!

शस्त्राला असा मान देणारे आपण एकटेच नाही. समुद्रापलीकडे मलाया, सुमात्रा, जावा या मुलखांत क्रिस नावाचा खंजीर आहे. जावामध्येही नवरदेव हजर नसला तर त्याची क्रिस पाठवीत. तिथल्या सुकुह मंदिरात पंधराव्या शतकातले एक शिल्प आहे. भीम क्रिस घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे आणि मध्ये गणपती नाचतो आहे! आपलेच देव, आपलेच पांडव, तिथे लोहाराच्या भट्टीशी.

सुमात्रा आणि मलायात या खंजिराचा एक लांब प्रकार झाला. त्याला ‘क्रिस पांजांग’ म्हणतात. पांजांग म्हणजे लांब. पाते सरळ आणि अरुंद. पूर्वी देहदंड देतानाही तो वापरीत. खांद्याजवळून खाली थेट काळजात. पुढे हेच शस्त्र राजचिन्ह झाले. 1957 साली मलाया स्वतंत्र झाला, तेव्हा अकरा राज्ये एकत्र आली होती. त्या राज्यांच्या क्रिसांचे पोलाद एकत्र करून राजासाठी लांब क्रिस घडवली गेली. मलेशियाचा राजा राज्यारोहणाच्या वेळी ती म्यानातून काढून तिचे चुंबन घेतो. मारण्याचे हत्यार शपथेचे झाले.

आपल्याकडे मात्र कट्यार उरली ती रंगभूमीवर आणि मांडवात. 1967 साली दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. त्यातही कट्यार हा राजगायकाचा मानच आहे. आता वरातीत खऱ्या तलवारी नाचवून लोक गुन्हे ओढवून घेतात. 1959 च्या शस्त्र कायद्यात नऊ इंचांहून लांब पात्यांसाठी निर्बंध आहेत. तेव्हा मांडवात पत्रा आला, याची तक्रार नाही.

तक्रार माझी माझ्यावरच आहे. आमच्याही घरी एक जुनी कट्यार होती. थोरल्या भावाच्या लग्नात आजीने ती त्याच्या हाती दिली आणि म्हणाली, “भाऊ, हातमाईन सोडू नको.” ती गेल्यावर घर आवरताना तांब्याच्या हंड्यांबरोबर मीच ती मोडीत घातली. वजनावर! कोणी घडवली, घरात कुठून आली, हे आजीला कधी विचारलेही नव्हते.

तुमच्या माळ्यावर असे काही गंजत पडले असेल तर मोडीत घालू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, ते लिहून ठेवा. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथल्या जाणकारांना दाखवा. पत्र्याची कट्यार भाड्याने केव्हाही मिळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)