रस्ते-सुरक्षितता : विकसनशील देशांतील प्रादेशिक सहकार्य

रस्त्यावरील वाहतुकीत होणारे मृत्यू, इजा व मालमत्तेची हानी टाळण्यासाठी किंवा त्यांची तीव्रता कमी करण्यासाठी योजलेल्या अभियांत्रिकीय, कायदेशीर, शैक्षणिक व वैद्यकीय उपायांना एकत्रितपणे रस्ते-सुरक्षितता असे म्हणतात. हे उपाय मुख्यतः प्रत्येक देशाच्या शासनाच्या अखत्यारीत येतात. तथापि मालमोटारी, जुन्या मोटारींचा व्यापार व महामार्ग हे देशांच्या सीमा ओलांडून जातात. त्यामुळे शेजारी देशांनी समान नियम, समान नोंदपद्धती व परस्पर साहाय्य यांची व्यवस्था करणे आवश्यक ठरते. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका या खंडांतील विकसनशील देशांत अशा सहकार्याला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रारंभ झाला आणि २००४ नंतर त्यास वेग आला.

समस्येचे स्वरूप : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सु. ११ लाख ९० हजार व्यक्ती रस्त्यांवरील अपघातांत मृत्युमुखी पडल्या. यांपैकी ९२% मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. जगातील एकूण वाहनांपैकी मात्र सु. ६०% वाहनेच या देशांत आहेत. ५ ते २९ वर्षे या वयोगटातील मृत्यूंचे हे सर्वांत मोठे कारण होय. भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१ मृत्यूंची नोंद झाली. कुटुंबातील कमावती व्यक्ती गेल्याने किंवा कायमची अपंग झाल्याने त्या कुटुंबावर येणारे दारिद्र्य अशा आकड्यांत दिसत नाही.

औद्योगिक देशांत मोटारीत बसलेल्यांचे मृत्यू प्रामुख्याने होतात. याउलट विकसनशील देशांत पादचारी, सायकलस्वार व दुचाकीस्वार यांना अधिक धोका पोहोचतो. एकाच रस्त्यावरून बैलगाडी, हातगाडी, रिक्षा, बस व अवजड मालमोटार जात असते. पदपथ नसतो किंवा असला तरी तो मोकळा नसतो. महामार्ग गावाच्या मधून जातो आणि शाळा, बाजार व पाणवठा यांसाठी लोकांना तो दिवसातून अनेकदा ओलांडावा लागतो. रस्ता रुंद व गुळगुळीत झाला की वाहनांचा वेग वाढतो. परंतु तो ओलांडण्याची सोय मात्र पूर्वीचीच राहते. म्हणूनच रस्तेसुधारणेनंतर काही ठिकाणी अपघात कमी न होता वाढल्याचे आढळते.

शास्त्रीय भूमिका : अपघात हा दैवाचा किंवा केवळ चालकाच्या बेपर्वाईचा परिणाम होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. अमेरिकन वैद्य विल्यम हॅडन यांनी १९७० च्या सुमारास या समजुतीस छेद देणारी मांडणी केली. अपघातापूर्वीची, अपघाताच्या क्षणाची व अपघातानंतरची अशा तीन अवस्था आणि मनुष्य, वाहन व परिसर असे घटक यांचा कोष्टकरूपाने विचार करून प्रत्येक ठिकाणी कोणता उपाय शक्य आहे, हे त्यांनी दाखविले. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या धोरणात, चूक मनुष्याकडून होणारच; तिची शिक्षा मृत्यू असू नये अशी रस्त्याची रचना हवी, हे तत्त्व मान्य करण्यात आले. या विचारानुसार वेगमर्यादा, शिरस्त्राण (हेल्मेट), आसनपट्टा, मद्यप्राशन करून वाहन चालविण्यास बंदी, सुरक्षित रस्तारचना व तातडीची वैद्यकीय मदत हे प्रमुख उपाय ठरतात. योग्य दर्जाचे शिरस्त्राण नीट बांधले असल्यास दुचाकीस्वाराच्या मृत्यूची शक्यता सु. ४०% नी घटते, असे अनेक पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासावरून दिसून आले आहे.

आंतरराष्ट्रीय पार्श्वभूमी : वाहतुकीचे नियम व चिन्हे यांत एकरूपता आणण्यासाठी जिनीव्हा येथे १९४९ मध्ये व व्हिएन्ना येथे १९६८ मध्ये करार झाले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व जागतिक बँक यांनी रस्त्यांवरील इजांच्या प्रतिबंधाविषयी संयुक्त अहवाल प्रसिद्ध केला व त्याच वर्षीचा जागतिक आरोग्य दिन या विषयाला वाहिला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०११–२० हे कृतिदशक म्हणून जाहीर केले. पुढे २०२१–३० या दुसऱ्या दशकात मृत्यू व इजा निम्म्याने कमी करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले.

आशिया : आशियाई महामार्गाची कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या आशियाविषयक आर्थिक आयोगाने १९५९ मध्ये मांडली. या जाळ्यासंबंधीचा आंतरशासकीय करार २००३ मध्ये स्वीकृत होऊन २००५ मध्ये अंमलात आला. त्यात मार्गांची प्रतवारी, रुंदी, वळणे इत्यादींची किमान मानके दिलेली असून सुरक्षिततेकडे लक्ष देण्याची जबाबदारी सदस्य-देशांवर टाकली आहे. ग्वाल्हेर–धुळे–ठाणे–बंगळुरू हा महाराष्ट्रातून जाणारा मार्ग या जाळ्याचाच भाग होय.

आग्नेय आशियात दुचाकींचे प्रमाण फार मोठे असल्याने तेथील सहकार्यास वेगळे वळण लागले. आसियान संघटनेच्या परिवहनमंत्र्यांनी २००४ मध्ये नॉम पेन्ह येथे रस्ते-सुरक्षिततेची घोषणा केली. व्हिएटनाममध्ये १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर दुचाकीस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले आणि अल्पावधीतच शहरांतील ९०% हून अधिक दुचाकीस्वार ते वापरू लागले. कंबोडियाने २०१५ च्या कायद्याने मागे बसणाऱ्यांनाही ही सक्ती लागू केली. मलेशियात संघीय महामार्गालगत मोटारसायकलींसाठी १९७० च्या दशकात स्वतंत्र मार्गिका बांधण्यात आली होती. तिच्या अभ्यासाचा उपयोग दुचाकीबहुल देशांना होतो. यूरोप-अमेरिकेतील उपाय जसेच्या तसे उचलण्यापेक्षा सारखी वाहतूक असलेल्या शेजाऱ्याचा अनुभव अधिक उपयुक्त ठरतो, हे यातून दिसते.

दक्षिण आशियात प्रगती मंद आहे. दक्षेस (सार्क) देशांचा प्रस्तावित मोटारवाहन करार २०१४ च्या काठमांडू परिषदेत होऊ शकला नाही. त्यानंतर बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ यांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे मोटारवाहन करारावर सह्या केल्या. तथापि भूतानच्या संसदेची त्यास संमती मिळाली नाही. भाराची मर्यादा, चालकाचा परवाना, विमा व अपघातानंतरचे दायित्व हे प्रश्न अशा करारांशी निगडित असल्याने त्यांच्या विलंबाचा परिणाम सुरक्षिततेवरही होतो.

आफ्रिका : अनेक आफ्रिकी देशांना समुद्रकिनारा नाही. त्यामुळे माँबासासारख्या बंदरातून निघालेली मालमोटार दोन-तीन देश ओलांडून जाते. जादा भाराने तिचे रोधक (ब्रेक) निकामी होतात, चाके फुटतात व रस्ताही खचतो. एकाच देशाने भाराचे बंधन कडक केल्यास व्यापारी शेजारच्या मार्गाकडे वळतात. म्हणून पूर्व आफ्रिकी समुदायाने २०१३ च्या कायद्याने सर्व सदस्य-देशांसाठी ५६ टनांची समान कमाल मर्यादा ठरविली. पश्चिम आफ्रिकी देशांनी १९८२ मध्ये कोतोनू येथे केलेल्या करारानुसार ‘ब्राऊन कार्ड’ ही विमायोजना सुरू केली. तीमुळे परदेशी वाहनाच्या अपघातात सापडलेल्यास भरपाई मिळण्याची सोय झाली. आफ्रिकी संघाने २०१६ मध्ये रस्ते-सुरक्षिततेची सनद स्वीकारली. तीत प्रत्येक देशात एक जबाबदार मध्यवर्ती यंत्रणा, निधी व अपघातनोंदींची व्यवस्था यांवर भर आहे.

जुन्या वाहनांचा व्यापार हा प्रादेशिक सहकार्याची गरज स्पष्ट करणारा विषय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार (२०२०) २०१५ ते २०१८ या काळात यूरोप, जपान व अमेरिका यांनी १ कोटी ४० लाख वापरलेली हलकी वाहने निर्यात केली. त्यांतील सु. ८०% अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेली व त्यांतही निम्म्याहून अधिक आफ्रिकेत पोहोचली. बेनिनच्या कोतोनू बंदरात उतरलेल्या मोटारी नायजेरियात विकल्या जातात. म्हणजे एका देशाची बंदी दुसऱ्याच्या बंदरामुळे निष्फळ ठरते. यावर उपाय म्हणून पश्चिम आफ्रिकी आर्थिक समुदायाने २०२० मध्ये आयात वाहनांसाठी समान किमान मानके मान्य केली.

वाहनांची चाचणी : स्वतंत्र टक्करचाचणी करून मोटारींना तारांकित श्रेणी देण्याचा उपक्रम लॅटिन अमेरिकेत २०१० मध्ये आणि आग्नेय आशियात २०११ मध्ये सुरू झाला. २०१४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या काही लहान मोटारींच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी एकही तारा मिळाला नाही. पुढे भारताने आपली मानके कडक केली व १ ऑक्टोबर २०२३ पासून स्वतःची श्रेणीपद्धती सुरू केली. अशा चाचण्यांत पुणे येथील ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ (स्थापना १९६६) या संस्थेचा सहभाग आहे.

नोंदींची एकरूपता : अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू हा अपघाती मृत्यू मानावा, अशी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. काही देशांत मात्र केवळ जागेवर झालेले मृत्यू मोजले जातात. रुग्णालयातील मृत्यू पोलिसांच्या नोंदीत येत नाहीत. त्यामुळे खरा आकडा झाकला जातो व उपायांची परीक्षा होत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी इबेरो-अमेरिकन देशांनी स्पेनच्या साहाय्याने, तर आफ्रिका (२०१८) व आशिया-पॅसिफिक (२०१९) येथील देशांनी आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साहाय्याने प्रादेशिक वेधशाळा स्थापन केल्या आहेत.

मूल्यमापन : २०१० ते २०२१ या काळात जगातील अपघाती मृत्यू केवळ सु. ५% नी घटले. यूरोप विभागात ही घट ३६% होती, तर आफ्रिका विभागात १७% वाढ झाली. वाहनांची संख्या याच काळात दुपटीहून अधिक झाली, हे लक्षात घेता ही घट नगण्य नाही. परंतु उद्दिष्टाच्या मानाने ती फारच अपुरी आहे. घोषणा व सनदा यांच्या मानाने अंमलबजावणी कमी पडते, संमतिपत्रे वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि परदेशी निधी संपला की यंत्रणा मंदावते, या उणिवा बहुतेक प्रदेशांत आढळतात. भाराची मर्यादा, वाहनांची आयात, विमा व नोंदपद्धती या बाबतींत एकटा देश फारसे काही साधू शकत नाही. तेथे सहकार्याला पर्याय नाही. वेगावरील नियंत्रण, पदपथ, गावाजवळील सुरक्षित ओलांडमार्ग व जखमींना वेळेवर मिळणारी मदत यांची जबाबदारी मात्र शेवटी स्थानिक शासनावरच राहते. शेजाऱ्याचा अनुभव हा या कामी मार्गदर्शक ठरतो, पर्याय नव्हे.