पाहुणा, यजमान आणि मधला अडत्या

आगगाडीतून नाशकास उतरणाऱ्या यात्रेकरूला पूर्वी मुक्काम शोधावा लागत नसे. मुक्कामच त्याला शोधीत येई. 'गाव कोणते? आडनाव काय?' एवढे दोन प्रश्न विचारून क्षेत्रोपाध्यायांचा माणूस त्याची वळकटी उचलायचा. घरी गेल्यावर उपाध्याय नामावळीच्या वह्या काढीत आणि पाहुण्याच्या आजा-पणजांच्या हातची नोंद त्याच्यापुढे धरीत. मग उतरायचे कोठे, हा प्रश्नच उरत नसे. गिऱ्हाईक गाठावे कसे आणि एकदा आलेले गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या टिकवावे कसे, ही विद्या आपल्याकडे अशी जुनी आहे.

आज हा माणूस स्टेशनावर उभा नसतो. तो आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये बसलेला असतो. सुटी लागण्यापूर्वी घरोघरी दिसणारे दृश्य आठवा. चिरंजीव मोबाईल घेऊन बसलेले. आईला समुद्र चालत जाण्याइतका जवळ हवा, आजींना जिने नकोत आणि वडिलांचा प्रश्न एकच, "भाडे किती?" पाच मिनिटांत तारकर्लीची वीस-पंचवीस घरे फोटोंसह हजर होतात आणि त्यांतले एक ठरते.

पण वाचकहो, ते एकच का ठरले? यादीत ते वर कसे आले? आणि आपण मोजलेल्या भाड्यातले त्या घरधन्याच्या हाती पडले किती? इंटरनेटवरील जाहिरातीचे सारे शास्त्र या तीन प्रश्नांत आहे.

अडत्याचा जन्म

१९९६ साली अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'एक्सपीडिया' ही प्रवासाची इंटरनेट पेढी उघडली. त्याच वर्षी नेदरलँड्समधील एन्स्खेडे शहरी खेर्ट-यान ब्रुइन्स्मा या तरुणाने हॉटेलांच्या खोल्या इंटरनेटवरून राखून देण्याचा उद्योग काढला. तोच पुढे 'बुकिंग डॉट कॉम' झाला. २००५ साली 'प्राइसलाइन' या अमेरिकन कंपनीने तो सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतला. पुढे हे घरात आणलेले मूलच घराचा कर्ता होऊन बसले. इतके की, २०१८ साली मूळ कंपनीने आपलेच नाव बदलून 'बुकिंग होल्डिंग्ज' असे करून घेतले!

आपल्याकडे २००० साली दीप कालरा यांनी 'मेकमायट्रिप' सुरू केली, ती आधी अमेरिकेतील भारतीयांना मायदेशी येण्याची तिकिटे विकण्यासाठी. भारतातल्या गिऱ्हाइकाकडे ती २००५ साली वळली. दरम्यान आपली भीड चेपली ती रेल्वेमुळे. ऑगस्ट २००२ मध्ये 'आयआरसीटीसी'ने इंटरनेटवर तिकिटे विकण्यास सुरुवात केली. तेव्हा पैसे संगणकावर भरायचे आणि छापील तिकीट कुरिअरने घरी यायचे. जी वस्तू हातात नाही तिचे पैसे आधी द्यायचे, ही सवय मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली ती अशी.

पाटी दिसेल तेवढेच जग

या पेढ्यांनी उपकार केले नाहीत असे नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ साली कोकण रेल्वे सलग धावू लागली. मालवण, तारकर्ली, देवबाग या भागातल्या कुटुंबांनी राहत्या घराला दोन-तीन खोल्या जोडल्या आणि 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय होईल' अशा पाट्या रस्त्यावर लावल्या. पण पाटीचे जग पाटी दिसेल तेवढेच. वळणाच्या आत, माडांच्या मागे ज्याचे घर, त्याच्याकडे पाहुणा वळायचा कसा?

इंटरनेटने ही अडचण दूर केली. आडबाजूचे घर नागपूरच्या नि बंगळूरच्या माणसाला दिसू लागले. जी बाई घावणे आणि सोलकढी करण्यात गावात प्रसिद्ध होती, तिची कीर्ती गावाबाहेर गेली. पूर्वी जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातली महागडी चौकट. ती घरगुती धंद्याला परवडणारी नव्हती. येथे आधी काही द्यावे लागत नाही, पाहुणा आला तरच दलाली. ऐकायला सौदा किती सोपा!

दलालाची पट्टी

कोकणच्या माणसाला हा सौदा नवा नाही. आंब्याची पेटी मुंबईच्या बाजारात पाठवायची, भाव तिकडे ठरायचा, आणि अडत, हमाली वजा जाता जी पट्टी येईल ती मुकाट्याने वाचायची, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. खोल्यांचेही तसेच. पेढ्यांची दलाली सर्वसाधारणपणे शेकडा १५ ते २५ च्या घरात असते. खोलीचे भाडे २,५०० रुपये आणि दलाली शेकडा २० धरली, तर दर रात्री ५०० रुपये परस्पर वजा. चादरी धुणे, विजेचे बिल, गड्याचा पगार हे सारे उरलेल्या २,००० मधून.

दलाली देऊनही यादीत वरची जागा मिळेलच असे नाही. फोटो किती व कसे, पत्राला उत्तर किती लवकर, आरक्षणे किती वेळा रद्द झाली, पाहुण्यांचे अभिप्राय काय, दर किती, अशा अनेक गोष्टी जोखून संगणक क्रम लावतो. शिवाय काही ठिकाणी जादा दलाली देणाऱ्यास वरची जागा मिळण्याची सोय असते. म्हणजे बाजारात गाळ्याचे भाडे द्यायचे ते द्यायचेच, वर पुढच्या फळीवर माल मांडण्याचे वेगळे!

त्याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. एखाद्या हॉटेलचे नाव आपल्या कानी पडते आणि ते नाव आपण गूगलवर शोधतो. पुष्कळदा सर्वांत वर येते ती त्या हॉटेलची स्वतःची जागा नव्हे, तर त्याच नावावर पैसे भरून लावलेली एखाद्या पेढीची जाहिरात. नाव यजमानाने कमावलेले, पाहुणा त्याच्याच नावाने आलेला, आणि दलाली मात्र मधल्याची.

"आमच्याहून स्वस्त विकायचे नाही"

भांडण पेटले ते एका अटीवरून. आमच्याकडे जो दर लावाल त्याहून कमी दर इतरत्र, कित्येकदा स्वतःच्या संकेतस्थळावरही, लावायचा नाही, असे पेढ्या करारात लिहून घेत. दलाली वाचल्यामुळे यजमानाला पाहुण्यास सवलत देता आली असती. या अटीने ती वाटच बंद झाली. फ्रान्सने २०१५ साली कायद्यानेच ही अट रद्द केली. त्याच वर्षी जर्मनीच्या स्पर्धा खात्याने बुकिंग डॉट कॉमला ती मनाई केली आणि २०२१ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली.

आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये असाच निकाल दिला. मेकमायट्रिप व गोआयबिबो यांना मिळून २२३ कोटी ४८ लाख रुपये आणि 'ओयो'ला १६८ कोटी ८८ लाख रुपये दंड झाला. दराची ही अट तर आक्षेपार्ह ठरलीच. पण ओयोशी केलेल्या समझोत्यापायी 'ट्रीबो' आणि 'फॅबहॉटेल्स' या तिच्या प्रतिस्पर्ध्यांना यादीतून बाहेर ठेवले गेले, यावरही आयोगाने बोट ठेवले. या निर्णयाविरुद्ध अपिले झाली. पण यादीतून नाव वगळणे म्हणजे हल्ली दुकानाला कुलूप लावण्यासारखेच आहे, हे या प्रकरणाने सर्वांना कळून चुकले.

तारे कोण वाटतो?

यादी पेढीची असली, तरी तारे वाटतो तो पाहुणा, म्हणजे तुम्ही-आम्ही. हार्वर्डचे अभ्यासक मायकेल लूका यांनी २०११ साली अमेरिकेतल्या सिॲटल शहरातील उपाहारगृहांचा हिशेब मांडला. अभिप्रायात एक तारा वाढला की उत्पन्न शेकडा ५ ते ९ वाढते, असे त्यांना आढळले. हा लाभ स्वतंत्र, एकट्या-दुकट्या दुकानांना होतो. नामांकित साखळीतल्या दुकानांना नाही. कारण उघड आहे. बड्याला नाव असते, लहानाला फक्त अभिप्राय असतो.

जेथे मोल, तेथे भेसळ. २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने आपल्या बागेतल्या खोपटाला उपाहारगृह म्हणून 'ट्रिपॲडव्हायझर'वर नोंदवले, पदार्थांचे बनावट फोटो लावले, मित्रांकरवी अभिप्राय लिहविले. काही महिन्यांत हे अस्तित्वातच नसलेले उपाहारगृह लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर आले! आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अभिप्रायांसाठी मानक काढले, पण ते पाळणे ऐच्छिक आहे. 'एकच खोली शिल्लक!' अशी खोटी घाई करणे आणि शेवटच्या पायरीवर दर वाढवणे, हे प्रकार मात्र नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी निषिद्ध ठरवले आहेत.

मग करावे काय?

यजमानाने पेढीशी वैर धरू नये. नवा पाहुणा तिच्यामार्फत येऊ द्यावा; पण दुसऱ्यांदा येणारा तरी थेट आपल्या दारी यावा, अशी तजवीज ठेवावी. गूगलच्या नकाशावर आपल्या घराची नोंद फुकट करता येते, आणि हॉटेलांच्या आरक्षणाचे दुवेही मार्च २०२१ पासून तेथे विनामूल्य दिसू लागले आहेत. फोटो खरे असावेत. समुद्र घरामागे अर्धा मैल असेल तर तो खिडकीत दाखवू नये. वाईट अभिप्रायाला रागाने नव्हे, शांतपणे उत्तर द्यावे, कारण ते उत्तर लिहिणाऱ्यापेक्षा पुढे येणारा पाहुणाच वाचत असतो. आणि उपाध्यायांच्या वहीसारखी एक वही ठेवावी : कोणाला तिखट चालत नाही, कोणाची आजी गुडघ्यांनी त्रस्त आहे. ही माहिती पेढीजवळ नसते.

पाहुण्यानेही थोडा विचार करावा. घर एकदा आवडले की पुढच्या खेपेस यजमानाला थेट फोन करून दर विचारावा. मात्र सावधपणे! एप्रिल २०२५ मध्ये गृहखात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने बनावट संकेतस्थळांवरून तीर्थयात्रा, हेलिकॉप्टर नि अतिथिगृहांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीचा इशारा दिला होता. अनोळखी दुव्यावर पूर्ण रक्कम पाठवू नये, फोन नंबर दोन ठिकाणांहून पडताळावा. फसगत झालीच, तर लाजत न बसता ताबडतोब १९३० क्रमांकावर कळवावे. अनोळखी ठिकाणी पेढीचा आधार असतो हेही खरे. दलाली काही अगदीच फुकट जात नाही.

राहता राहिले तारे. नळाला पाणी उशिरा आले म्हणून रागाच्या भरात एक तारा देताना, पहाटे उठून आपल्यासाठी आंबोळ्या घालणारी ती माउली आठवावी. आणि जेवण चांगले होते म्हणून मळक्या चादरीही झाकू नयेत. जे पाहिले तेवढेच लिहावे. आपल्या त्या दोन ओळी वाचून परगावचे एखादे कुटुंब वर्षाची एकुलती एक सहल ठरवणार असते आणि समुद्रकाठच्या एखाद्या घराचा पावसाळ्यातला खर्च त्यावर निघणार असतो.